काठ सर्वांचा

१. प्रस्तावना

आपल्या गावात किंवा शहरात एखादे तळे, नदी अथवा समुद्रकिनारा आहे का? असल्यास संध्याकाळी तेथे कोण कोण येते, ते आठवून पाहा. व्यायामासाठी चालणारे वृद्ध, सायकल शिकणारी मुले, शेंगदाणे विकणारा फेरीवाला, दिवसभराचे काम संपवून घटकाभर टेकलेला मजूर. या काठावर बसण्यासाठी कोणी पैसे मागत नाही, नाव विचारत नाही. त्यामुळे काठ मोकळा असणे आपण गृहीतच धरतो. परंतु तो आपोआप मोकळा राहतो, की कोणीतरी तो राखलेला असतो?

प्रस्तुत पाठ हे एक प्रवासवर्णन आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात मिशिगन सरोवराच्या काठाने जाणाऱ्या वाटेवर लेखिका प्रथम पायी व नंतर सायकलने फिरल्या. त्या फिरण्यात त्यांना जे दिसले आणि जे सुचले, ते त्यांनी येथे सांगितले आहे.

२. उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण :
• सरोवराकाठच्या वाटेचे वर्णन स्वतःच्या शब्दांत करू शकाल;
• सार्वजनिक जागा मोकळी राखण्यासाठी झालेल्या प्रयत्नांची माहिती सांगू शकाल;
• शिकागोतील व भारतातील घटनांमधील साम्य आणि भेद स्पष्ट करू शकाल;
• कथनाची भाषा व संवादाची भाषा यांतील फरक ओळखू शकाल;
• आपल्या परिसरातील एखाद्या काठाविषयी परिच्छेद लिहू शकाल.

३. मूळ पाठ

चला, आता आपण पाठ वाचू या.

भाग १

कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठाने मी सायकल शिकले. तासाच्या भाड्याने मिळणारी ती सायकल माझ्या मानाने फार उंच होती. मधल्या दांड्याखालून पाय घालून ती तिरकी-तिरकी चालवावी लागे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला रस्ता आणि मागे धावणारा मोठा भाऊ, एवढेच त्या वेळचे माझे जग होते. पुढे नोकरी आणि संसार यांत सायकल सुटली, ती सुटलीच. तीस-पस्तीस वर्षांनी ती पुन्हा हाती आली, तीही एका सरोवराच्याच काठी. पण हजारो मैल दूर, शिकागो शहरात.

२०२३ च्या जून महिन्यात मी भाचीकडे गेले होते. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "मावशी, शिकागो बघायचं असेल, तर गाडीतून बघू नकोस. तळ्याकाठची वाट धर. पहिल्या दिवशी चाल, दुसऱ्या दिवशी सायकल घेऊ."

"सायकल? या वयात?"

"तिथं गेल्यावर वय विचारायचं नाही," ती हसून म्हणाली.

ती ज्याला तळे म्हणत होती, त्याचा पैलतीर दिसत नाही. मिशिगन सरोवराची लांबी सुमारे ४९० किलोमीटर आणि रुंदी काही ठिकाणी १९० किलोमीटरपर्यंत आहे. गोव्याएवढी पंधरा राज्ये त्यात सहज मावतील! लाटा येतात, वाळूचे किनारे आहेत, क्षितिजावर जहाजे दिसतात. समुद्र नाही म्हणायला एकच खूण : पाणी गोडे आहे. शहराला पिण्याचे पाणी याच सरोवरातून मिळते.

या सरोवराच्या पश्चिम काठाने सुमारे अठरा मैलांची, म्हणजे जवळजवळ तीस किलोमीटर लांबीची वाट गेली आहे. शहराच्या उत्तर भागातील आर्डमोर रस्त्यापाशी ती सुरू होते आणि दक्षिणेकडे एकाहत्तराव्या रस्त्यापाशी संपते. पूर्वी पायी चालणारे, धावणारे आणि सायकलस्वार यांची तिच्यावर एकच गर्दी होत असे; धडका होत, माणसे जखमी होत. म्हणून चालण्याची व सायकलची वाट वेगळी करण्याचे काम हाती घेण्यात आले, आणि ते २०१८ मध्ये पूर्ण झाले. आता बहुतेक ठिकाणी या दोन वाटा जुळ्या बहिणींसारख्या जवळजवळ, पण वेगळ्या चालतात.

पहिल्या दिवशी आम्ही उत्तर टोकापासून मॉन्ट्रोज किनाऱ्यापर्यंत पायी गेलो. चालणाऱ्याला काय दिसते, ते चालल्याशिवाय कळत नाही. गळ टाकून बसलेली म्हातारी माणसे, मुलाची ढकलगाडी लोटत धावणारी आई, मांस भाजण्यासाठी शेगडी पेटवणारे मेक्सिकन कुटुंब, हिरवळीवर क्रिकेट खेळणारी दोन-चार मुले. त्या मुलांचे बोलणे कानावर पडले आणि मी थबकलेच. ती हिंदीत भांडत होती!

मॉन्ट्रोजच्या वाळूचा एक भाग दोरी लावून राखून ठेवलेला दिसला. भाचीने त्याची हकिगत सांगितली. २०१९ मध्ये चिखल्या जातीच्या एका दुर्मीळ पक्ष्याच्या जोडप्याने येथे घरटे केले. मूठभर आकाराचे ते पक्षी. त्यांची अंडी पायाखाली येऊ नयेत म्हणून स्वयंसेवक पहारा देऊ लागले, आणि याच किनाऱ्यावर होणारा संगीताचा एक मोठा महोत्सव त्या वर्षी रद्द करण्यात आला. ऐकताना मला गंमत वाटली. त्या हकिगतीचे मोल मला पुढे कळायचे होते.

परतताना भाची म्हणाली, "मावशी, २०२० मध्ये करोनाच्या साथीत ही वाट जवळजवळ तीन महिने बंद होती. घरातून पाणी दिसायचं, पण काठावर जाता येत नव्हतं. रोज डोळ्यांसमोर होती, तेव्हा मला तिची किंमत कळली नव्हती."

पाठगत प्रश्न – १

योग्य पर्याय निवडा.
(१) लेखिका सायकल कोठे शिकल्या? (अ) शिकागोत (आ) रंकाळ्याच्या काठी (इ) पवईत
(२) चालण्याची व सायकलची वाट वेगळी का करण्यात आली? (अ) पक्ष्यांसाठी (आ) करोनामुळे (इ) गर्दी व अपघात टाळण्यासाठी
(३) मिशिगन सरोवर समुद्र नाही, हे कशावरून कळते? (अ) लाटा नाहीत (आ) पाणी गोडे आहे (इ) जहाजे नाहीत

भाग २

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या दोन सायकली घेऊन आम्ही मॉन्ट्रोजपासून दक्षिणेकडे निघालो. डोक्यावर शिरस्त्राण, हातापायांत कापरे. पहिले शंभर हात मी कशीबशी डगमगत गेले आणि मग अंगाने जुनी ओळख आपणहून काढली. जे शरीर एकदा शिकते, ते विसरत नाही.

एवढ्यात मागून आवाज आला, "ऑन युवर लेफ्ट!" मी घाईघाईने डावीकडे सरकले. तोच एक तरुण सायकलस्वार करकचून ब्रेक दाबत माझ्या चाकाला घासून गेला. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात आणि पुढे जाणारा डावीकडून जातो. "मी तुमच्या डाव्या बाजूने येत आहे, तुम्ही आहात तेथेच राहा," असा त्या हाकेचा अर्थ होता. शब्द मला कळले होते; त्यामागची रीत ठाऊक नव्हती. तो तरुण थांबला, मला लागले नाही ना, ते विचारून पुढे गेला. सामायिक वाटेवर ब्रेकइतकाच रीतीभातीचाही आधार असतो, हे मी तेव्हा शिकले.

डावीकडे पाणी, उजवीकडे झाडी आणि झाडीमागे शहर. लिंकन पार्कमधून जाताना कळले, की या बागेच्या एका भागात पूर्वी शहराची दफनभूमी होती. ओक रस्त्यापाशी वाट अगदी पाण्यालगत येते. एका हाताला लाटा, दुसऱ्या हाताला शंभर मजली इमारत! पुढे शिकागो नदीच्या मुखाशी पूर्वी सायकलस्वारांची कोंडी होत असे. आता तेथून उन्नत मार्ग काढला आहे. २०१४ मध्ये सुरू झालेले ते काम २०२१ मध्ये पूर्ण झाले. नदी ओलांडली आणि समोर ग्रँट पार्कची विस्तीर्ण हिरवळ उलगडली.

शहराच्या ऐन मध्यभागी, जेथे जमिनीला सोन्याचा भाव, तेथे एवढी मोकळी जागा उरली कशी? एका बाकावर बसून भाचीने मला तिची कथा सांगितली.

१८३६ मध्ये येथील भूखंड विकण्यासाठी नकाशा करण्यात आला. काठालगतच्या पट्ट्यावर नकाशा करणाऱ्यांनी नोंद केली, की ही सार्वजनिक जागा आहे आणि ती इमारतींपासून कायमची मुक्त राहावी. पण कागदावरची नोंद म्हणजे कुंपण नव्हे. पुढे किनाऱ्यालगत रेल्वेचे रूळ आले. १८७१ मध्ये प्रचंड आगीत शहर जळाले, तेव्हा जळक्या इमारतींचा राडारोडा येथेच पाण्यात लोटण्यात आला. मोकळ्या जागेत तबेले उभे राहिले, कचऱ्याचे ढीग साचले.

टपालाने माल विकण्याचा व्यवसाय करणारे माँटगोमेरी वॉर्ड यांची कचेरी या जागेसमोरच होती. १८९० मध्ये त्यांनी नगरपालिकेवर दावा लावला. समोर स्वतःची मालमत्ता असल्यामुळेच त्यांना तो लावता आला, हेही खरे. परंतु तबेले हटले, तरी ते थांबले नाहीत. नंतर येथे मोठमोठ्या इमारती उभारण्याच्या, अगदी संग्रहालय बांधण्याच्या योजना आल्या, तेव्हाही त्यांनी त्या १८३६ च्या नोंदीवर बोट ठेवले. शहरातील वजनदार मंडळींना ते विकासाच्या आड येणारे वाटले. सुमारे वीस वर्षे हे खटले चालले आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा त्यांच्या बाजूने कौल दिला. १९०९ मध्ये डॅनियल बर्नहॅम व एडवर्ड बेनेट यांनी शहराचा आराखडा मांडला, तेव्हा सरोवराचा काठ हा लोकांचाच असला पाहिजे, हे तत्त्व त्याच्या गाभ्याशी होते.

याच काठासंबंधीचा आणखी एक खटला तर आपल्या देशापर्यंत पोहोचला आहे. १८६९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने येथील सरोवराच्या तळाची एक हजार एकरांहून अधिक जमीन एका रेल्वे कंपनीला देऊन टाकली होती. चार वर्षांनी तो निर्णय मागे घेण्यात आला. वाद न्यायालयात गेला. १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशा पाण्याचे राज्य हे लोकांच्या वतीने विश्वस्त आहे. ते अशा रीतीने दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. एकशे चार वर्षांनी, १९९६ मध्ये, हिमाचल प्रदेशातील बियास नदीकाठच्या जमिनीच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच विश्वस्ताचे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितले, आणि तसे सांगताना शिकागोच्या त्या खटल्याचाही विचार केला.

समोरच्या पाण्याकडे मी नव्याने पाहिले. विश्वस्त म्हणजे राखणारा, मालक नव्हे. आपल्या देवस्थानांचे आणि शाळांचे विश्वस्त आपल्याला माहीत असतात. तळ्याचाही कोणी विश्वस्त असतो, हे मात्र माझ्या मनात कधी आले नव्हते.

बागेच्या पश्चिम कडेला आर्ट इन्स्टिट्यूटची वास्तू आहे. ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत आपले पहिले भाषण केले, ते याच वास्तूत. सायकल उभी करून मी क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले.

पाठगत प्रश्न – २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) 'ऑन युवर लेफ्ट' ऐकून लेखिकेची चूक का झाली?
(२) १८३६ च्या नकाशावर कोणती नोंद होती?
(३) १८९२ च्या निकालानुसार राज्याचे पाण्याशी कोणते नाते असते?

भाग ३

ग्रँट पार्कच्या दक्षिणेला मॅकॉर्मिक प्लेस हे अवाढव्य प्रदर्शन-संकुल पाण्याला खेटून उभे आहे. वाटेला त्याच्या कडेकडेने वळसा घालावा लागतो. म्हणजे काठ सगळीकडे अबाधित राहिला, असेही नाही. शिवाय शहर आणि सरोवर यांच्यामध्ये रुंद, भरधाव रस्ता आहे. पाण्याशी पोहोचण्यासाठी अनेक ठिकाणी भुयारी मार्ग किंवा पूल शोधावा लागतो.

एकोणतिसाव्या रस्त्याजवळ हिरवळीत एक दगड आणि त्यावर धातूची पाटी दिसली. वाचून मी सायकलवरून उतरले.

२७ जुलै १९१९. उन्हाळ्यातील रविवार होता. यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा सोबत्यांबरोबर तराफा घेऊन पाण्यात उतरला. कृष्णवर्णीयांचा किनारा वेगळा आणि गोऱ्यांचा वेगळा, अशी त्या काळी येथे अलिखित रीत होती. कायद्यात तशी रेघ नव्हती आणि पाण्यात तर रेघ ओढता येतच नाही. तराफा वाहत 'पलीकडे' गेला. किनाऱ्यावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारले. यूजीन बुडाला. दगड मारणाऱ्याला पकडण्यास तेथील गोऱ्या पोलिसाने नकार दिला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली. त्यांतील २३ कृष्णवर्णीय होती.

मला महाडचे चवदार तळे आठवले. ते सार्वजनिक तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने केलेला होता. तरीही अस्पृश्य मानलेल्यांना तेथे जाता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि त्यांनी तेथील पाणी ओंजळीने प्याले. दोन खंड, दोन समाज. पण पाणी आणि माणूस यांच्यामध्ये ओढलेली रेघ मात्र तीच.

दगडाजवळच्या बाकावर एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ बसले होते. मी पाटी वाचताना पाहून ते म्हणाले, "लहानपणी आई मला बजावायची, पोहायला जा, पण कुठपर्यंत जायचं ते विसरू नकोस."

"आणि आता?" मी विचारले.

त्यांनी पाण्याकडे बोट केले. दोन-तीन मुले लाटांत उड्या मारत होती. "त्यातला मधला माझा नातू," ते म्हणाले. "मी त्याला एवढंच सांगतो, खोल जाऊ नकोस."

पुढे पंचावन्नाव्या रस्त्यापाशी चुनखडीच्या मोठ्या शिळांच्या पायऱ्या सरोवरात उतरतात. त्यांवर बसून आम्ही पाण्यात पाय सोडले. पंचगंगेच्या घाटावर बसल्यासारखे वाटले. पाय दुखत होते, पण वाट थोडीच उरली होती.

एकाहत्तराव्या रस्त्यापाशी ती संपते, तेथे एक भव्य जुनी वास्तू आहे. पूर्वी तो धनिकांचा खाजगी क्लब होता. कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना त्याचे सभासदत्व मिळत नसे. १९७० च्या दशकात शहराच्या उद्यान मंडळाने तो विकत घेतला. इमारत पाडण्याचा विचार चालला होता. परिसरातील रहिवाशांनी विरोध करून ती वाचवली. आता ते सर्वांसाठी खुले सांस्कृतिक केंद्र आहे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले बराक ओबामा यांच्या विवाहाचा स्वागतसमारंभ १९९२ मध्ये येथेच झाला. जेथे प्रवेश नव्हता, तेथेच वऱ्हाड उतरले!

परतीच्या विमानात मी ठरवून टाकले होते, की आपल्याकडच्या प्रत्येक तळ्याभोवती अशी सायकलची वाट हवी. मुंबईत उतरल्यावर एका स्नेह्यांकडे ही कल्पना मोठ्या उत्साहाने मांडली. ते शांतपणे म्हणाले, "पवईचं काय झालं, ते ठाऊक आहे ना?"

मुंबईचा पवई तलाव १८९१ मध्ये बांधला गेला. तेथे मगरी आहेत, पाणपक्षी आहेत. त्याच्या काठाने सायकल व चालण्याची वाट करण्याचे काम महानगरपालिकेने सुरू केले होते. तलावाच्या पाणथळ भागात होणाऱ्या या बांधकामाविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली, आणि ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदेशीर ठरवून झालेले बांधकाम काढून टाकण्यास व जागा पूर्ववत करण्यास सांगितले.

मी निरुत्तर झाले. सायकलची वाट म्हणजे चांगलीच गोष्ट, असे मी धरून चालले होते. मॉन्ट्रोजच्या वाळूतील दोरी मग डोळ्यांसमोर आली. तेथे माणसांचा उत्सव दोन पक्ष्यांसाठी दूर झाला होता. काठ सर्वांचा असे म्हणताना त्या 'सर्वां'मध्ये वाळूतील घरटे येते, चिखलातील मगर येते आणि स्वतः तळेही येते. वाट काठाने जावी. काठ गिळून जाऊ नये.

मागच्या दिवाळीत कोल्हापूरला गेले, तेव्हा पहाटे रंकाळ्यावर चालून आले. पाण्यावर धुके होते. एक मुलगी सायकल शिकत होती आणि तिचा भाऊ मागे धावत होता. त्या दोघांनी काठावर येण्यापूर्वी कोणाची परवानगी मागितली नव्हती. ती मागावी लागू नये, यासाठी आधी कितीजणांनी काय काय केले असेल, हा विचार माझ्या मनात प्रथमच आला. मी कडेला झाले आणि तिला वाट दिली.

पाठगत प्रश्न – ३

रिकाम्या जागा भरा.
(१) महाडचा सत्याग्रह ........ रोजी झाला.
(२) पवई तलावाच्या काठचे बांधकाम ........ ने बेकायदेशीर ठरवले.
(३) वाट काठाने जावी, काठ........ जाऊ नये.

४. शब्दार्थ

पैलतीर – पलीकडचा काठ
शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारे टोप, हेल्मेट
सामायिक – सर्वांचा मिळून असलेला
उन्नत मार्ग – जमिनीपासून उंचावर बांधलेला रस्ता
राडारोडा – पडलेल्या बांधकामाचे दगड, विटा, माती
कौल देणे – निर्णय देणे
विश्वस्त – दुसऱ्याच्या वतीने मालमत्ता राखणारा
अबाधित – ज्याला धक्का लागलेला नाही असा
अलिखित – लिहून न ठेवलेला, पण पाळला जाणारा
पाणथळ – सतत ओलसर किंवा पाण्याखाली असलेली जमीन
पूर्ववत – पूर्वीसारखे

५. आकलन

या पाठात बाहेरचा प्रवास आहे, तसाच विचारांचाही प्रवास आहे. पहिल्या भागात लेखिका केवळ पाहतात. चालण्याचा वेग कमी असल्याने त्यांना माणसे दिसतात. दुसऱ्या भागात 'ही जागा मोकळी कशी राहिली?' हा प्रश्न त्यांना पडतो. नकाशावरची नोंद जागा आपोआप राखत नाही. तिचा आधार घेऊन कोणीतरी झगडावे लागते, हे वॉर्ड यांच्या खटल्यांतून दिसते. वॉर्ड यांची स्वतःची मालमत्ता समोर होती, हे लेखिका लपवत नाहीत. त्यामुळे त्यांचे कथन विश्वसनीय वाटते.

तिसऱ्या भागात प्रश्न अधिक खोल होतो. जागा मोकळी असली, तरी ती सर्वांसाठी मोकळी असते का? यूजीन विल्यम्सचा मृत्यू आणि महाडचा सत्याग्रह या दोन घटना लेखिका शेजारी ठेवतात. दोन्ही ठिकाणी अडथळा भिंतीचा नव्हता, माणसांच्या मनातील रेघेचा होता. मात्र भेदही लक्षात घ्या. शिकागोत एका मुलाकडून ती रेघ नकळत ओलांडली गेली. महाडला ती विचारपूर्वक आणि संघटितपणे ओलांडली गेली.

पवईच्या उदाहरणाने पाठाला वेगळे वळण मिळते. लेखिकेचे स्वतःचेच मत चुकीचे ठरते आणि त्या ते मान्य करतात. सुरुवातीला गंमत म्हणून आलेली चिखल्या पक्ष्याची हकिगत येथे अर्थपूर्ण होते. शेवटच्या वाक्यातील 'वाट दिली' हे शब्द पुन्हा वाचा. लेखिका मुलीला पुढे जाऊ देतात, हा त्याचा साधा अर्थ. आपल्याला मिळालेला मोकळा काठ पुढच्या पिढीच्या हाती देणे, असाही अर्थ त्यातून निघतो.

६. भाषाभ्यास

(अ) कथनाची व संवादाची भाषा

पुढील दोन वाक्ये पाहा.
'घरातून पाणी दिसायचं, पण काठावर जाता येत नव्हतं.' (भाचीचे बोलणे)
'ते अशा रीतीने दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही.' (लेखिकेचे कथन)

बोलताना आपण 'दिसायचं, बघायचं, नव्हतं' असे उच्चार करतो. लेखनात हीच रूपे 'दिसायचे, बघायचे, नव्हते' अशी लिहिली जातात. संवाद लिहिताना बोलण्यातील रूपे वापरता येतात. मात्र शब्दाच्या शेवटी अनुस्वार देण्यास विसरू नये. भाची मावशीला 'तू' म्हणते, हेही पाहा. मराठी कुटुंबांत आई व मावशी यांना बहुधा 'तू' असेच संबोधतात; त्यात अनादर नसून जवळीक असते.

(आ) 'पाणी' या शब्दाचे रूप

पाणी + पक्षी = पाणपक्षी. समास होताना 'पाणी' या शब्दाचे 'पाण' असे रूप होते. पाणकोंबडी, पाणपोई, पाणवठा, पाणघोडा हे शब्द पाहा. असे आणखी दोन शब्द शोधून लिहा.

७. आपण काय शिकलात?

• शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठाने सुमारे तीस किलोमीटरची वाट आहे.
• काठ मोकळा राहण्यामागे नोंदी, खटले, आराखडे व रहिवाशांचे प्रयत्न असतात.
• राज्य हे पाण्याचे मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व भारतीय कायद्यातही मान्य झाले आहे.
• जागा सार्वजनिक असूनही काही माणसांना तेथून दूर ठेवले गेले. त्याविरुद्ध लढे झाले.
• 'सर्वांचा काठ' या कल्पनेत पशुपक्षी व तळे यांचाही समावेश होतो.

८. स्वाध्याय

(१) पहिल्या दिवशी लेखिकेला वाटेवर कोण कोण दिसले, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
(२) 'कागदावरची नोंद म्हणजे कुंपण नव्हे' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
(३) वृद्ध गृहस्थांना त्यांच्या आईने दिलेली सूचना आणि त्यांनी नातवाला दिलेली सूचना यांत कोणता फरक आहे? त्यावरून काय कळते?
(४) मॉन्ट्रोज आणि पवई या दोन घटनांत काय साम्य आहे?
(५) उपक्रम : आपल्या परिसरातील तळे, नदी किंवा समुद्र यांच्या काठाने अर्धा तास चाला. तेथे कोण येते, कोणाला येता येत नाही, काठाची निगा कोण राखते, याची चौकशी करून दहा-बारा ओळींचा परिच्छेद लिहा.

९. पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) आ (२) इ (३) आ

प्रश्न – २ : (१) अमेरिकेत पुढे जाणारा डावीकडून जातो, ही रीत लेखिकेला माहीत नव्हती. (२) ही जागा सार्वजनिक असून इमारतींपासून कायमची मुक्त राहावी, अशी नोंद होती. (३) राज्य हे लोकांच्या वतीने पाण्याचे विश्वस्त असते.

प्रश्न – ३ : (१) २० मार्च १९२७ (२) मुंबई उच्च न्यायालया (३) गिळून